कांद्यातलं क्वर्सेटिन आणि शिंकेमागची पेशी

क्वर्सेटिनच्या गोळ्या आता कुठल्याही ऑनलाइन दुकानात मिळतात. डबीवर कांद्याचं किंवा सफरचंदाचं चित्र असतं आणि वर 'नैसर्गिक अँटीहिस्टामिन' असं काहीतरी छापलेलं असतं. सर्दी-शिंकांनी वैतागलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं? गोळीने झोप येणार नाही, आणि शेवटी कांदाच तर आहे.

या दोन शब्दांपैकी 'नैसर्गिक'वर नंतर बोलू. आधी दुसरा शब्द तपासायला हवा, कारण तो चुकीचा आहे. क्वर्सेटिन हे मुख्यतः अँटीहिस्टामिन म्हणून काम करत नाही. प्रयोगशाळेत ते करतं ते काम त्याच्या आधीच्या टप्प्यावरचं आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. अडचण एवढीच की प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीपासून आपल्या नाकापर्यंतची वाट फार लांब आहे. या वाटेत काय काय आडवं येतं ते नीट समजलं, तर वनस्पतीतल्या कुठल्याही 'अ‍ॅलर्जीवरच्या' घटकाची बातमी वाचताना काय विचारायचं ते आपोआप कळतं.

सुरुवात पेशीपासून करू. १८७८ साली पाउल एर्लिख या चोवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात एका विचित्र पेशीचं वर्णन केलं. त्या काळी कापड रंगवण्यासाठी अ‍ॅनिलिनचे नवे रंग निघाले होते आणि एर्लिखला ते शरीराच्या ऊतींवर टाकून बघायचा नाद होता. काही पेशींच्या पोटात ठासून भरलेले कण त्याला दिसले. हे कण रंग तर शोषायचेच, वर त्या रंगाची छटाही बदलून टाकायचे. या पेशींचं नाव मास्ट पेशी. त्या रक्तात फिरत नाहीत. त्वचा, नाकाचं अस्तर, श्वासनलिका, आतडं, म्हणजे बाहेरचं जग जिथे जिथे शरीराला भिडतं तिथे, आणि बहुतेक वेळा एखाद्या सूक्ष्म रक्तवाहिनीच्या शेजारी, त्या ठाण मांडून असतात. जंत, विषारी दंश अशा गोष्टींशी लढणं हे त्यांचं मूळ काम. त्या कणांत शिंका आणि खाज आणणारं हिस्टामिन असतं, हेपारिन असतं आणि प्रथिनं तोडणारी काही विकरंही असतात.

ही पेशी परागकणांवर का चिडते याचं उत्तर मिळायला बराच काळ गेला. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात (आज ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ) कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. आज कुठलीही नैतिकता समिती त्याला सहज परवानगी देणार नाही. क्युस्टनरला माशाची अ‍ॅलर्जी होती, प्राउसनिट्झला नव्हती. क्युस्टनरच्या रक्तातला द्रव प्राउसनिट्झने स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली. म्हणजे अ‍ॅलर्जी रक्तातून दुसऱ्याकडे नेता येत होती. त्या रक्तात नेमकं काय होतं? ते शोधायला ४५ वर्षं लागली. १९६६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने तो घटक वेगळा काढला. स्वीडनमधल्या योहान्सन आणि बेनिश यांनाही स्वतंत्रपणे तोच सापडला. आज त्याला आपण आयजीई म्हणतो. डॉक्टर रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर 'टोटल आयजीई' लिहितात ना, तेच हे प्रतिपिंड.

आयजीईचं एक टोक मास्ट पेशीवरच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनात, घट्ट अडकतं आणि दुसरं टोक बाहेर मोकळं राहतं. पहिल्यांदा परागकण किंवा कोळंबी शरीरात गेली की सहसा काहीच होत नाही, फक्त काहींच्या शरीरात त्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार होतं आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतं. म्हणून तर लोक म्हणतात, "अहो, लहानपणापासून खातोय, कधी काही झालं नाही." ते खरंच असतं. पुढच्या कुठल्यातरी वेळी तोच पदार्थ येतो, त्याचा एक कण शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच वेळी पकडतो, खालचे रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले जातात आणि पेशीच्या आत हालचाल सुरू होते.

ही हालचाल थोडी सावकाश पाहू, कारण क्वर्सेटिनचा सगळा संबंध इथेच आहे. रिसेप्टर एकत्र आले की आतल्या बाजूची 'लिन' आणि 'सिक' नावाची दोन विकरं जागी होतात. यांना कायनेज म्हणतात. दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा एक गट चिकटवणं हे कायनेजचं काम, आणि फॉस्फेट चिकटलं की ते प्रथिन कामाला लागतं. असं एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं होत निरोप पुढे जातो. शेवटी पेशीत कॅल्शियमची पातळी झपकन वाढते. कॅल्शियम वाढलं की हिस्टामिनने भरलेले कण पेशीच्या कडेला येतात, आवरणाला चिकटतात आणि आतला ऐवज बाहेर रिकामा करतात. हे सगळं काही मिनिटांत होतं. शेजारच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं, मज्जातंतू खाजेचा निरोप पाठवतात. नाकात झालं तर शिंका आणि पाणी, त्वचेत झालं तर गांध्या. आपल्याकडे 'अंगावर पित्त उठलं' म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात, तेव्हा त्वचेतल्या याच पेशी रित्या होत असतात. पोटातल्या आम्लाशी त्याचा काही संबंध नसतो.

पण मास्ट पेशीचं काम इथे संपत नाही. कण रिकामे केल्यावर ती ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन नावाचे नवे रेणू तयार करते, आणि पुढच्या काही तासांत सायटोकाइन्स सोडते. त्यांच्या हाकेला इतर पांढऱ्या पेशी धावून येतात. सकाळी शिंका आल्या आणि संध्याकाळी नाक गच्च चोंदलं, असं होतं ते यामुळे.

आता अँटीहिस्टामिन कुठे बसतं ते पाहा. सेट्रिझिनसारखी गोळी हिस्टामिनला बाहेर पडू देते. ती फक्त हिस्टामिन जिथे जाऊन काम करतं तो एच-१ रिसेप्टर अडवून बसते. ल्युकोट्राइन आणि सायटोकाइन्स यांच्याशी तिचा फारसा संबंध नाही, म्हणून चोंदलेल्या नाकावर ती तितकीशी चालत नाही. याउलट मास्ट पेशीला रिकामं होण्यापासूनच थांबवणारं काही असेल, तर तो वेगळ्याच जातीचा उपाय झाला. कोकणात पाऊस पडायच्या आधी कौलं शाकारतात. पाऊस सुरू झाल्यावर गळतीखाली बादली ठेवणं हा दुसरा प्रकार. दोन्हींची गरज असते, पण शाकारणी मे महिन्यातच करावी लागते, जुलैत छपरावर चढून उपयोग नसतो. मास्ट पेशी शांत ठेवणाऱ्या औषधांची ताकद हीच आणि कमजोरीही हीच: ती आधी घ्यावी लागतात.

क्वर्सेटिन या शाकारणीच्या जातीत मोडतं. हा फ्लॅव्होनॉइड कुळातला रेणू आहे आणि कांदा, सफरचंदाची साल, चहा, शेवग्याचा पाला अशा अनेक गोष्टींत सापडतो. १९७७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या क्लेअर फ्यूट्रेल आणि बॅस्टियन गॉम्पर्ट्स यांनी उंदरासारख्या प्राण्याच्या, नेमकं सांगायचं तर घुशीच्या कुळातल्या प्रयोगशाळेतल्या 'रॅट'च्या, मास्ट पेशी घेतल्या. याच कुळातले फ्लॅव्होन रेणू पेशीतली काही ऊर्जाखाऊ विकरं अडवतात हे माहीत होतं. ती अडवली तर हिस्टामिनचं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. क्वर्सेटिन घातल्यावर पेशी उत्तेजित करूनही हिस्टामिन बाहेर पडण्याचं प्रमाण घटलं. त्यानंतरच्या दशकांत हे निरीक्षण अनेक प्रयोगशाळांत, माणसाच्या रक्तातल्या बेसोफिल पेशींवरही, पुन्हा पुन्हा दिसलं. बेसोफिल ही मास्ट पेशीची जवळची नातलग. तिच्यातही हिस्टामिनचे कण असतात आणि वर आयजीई बसलेलं असतं.

हे घडतं कसं? क्वर्सेटिनचा रेणू चपटा असतो आणि त्याच्या कडेला हायड्रॉक्सिल गट असतात. कायनेज विकरांना काम करायला एटीपी हा पेशीचा इंधन-रेणू लागतो आणि तो बसण्यासाठी त्यांच्यात एक खाच असते. क्वर्सेटिन त्या खाचेत शिरू शकतं. एटीपीला जागा मिळाली नाही की फॉस्फेट चिकटत नाही, निरोप मध्येच अडतो, कॅल्शियम वाढत नाही आणि कण जागच्या जागी राहतात. ही निव्वळ कल्पना नाही याचा एक भक्कम पुरावा म्हणजे १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी क्वर्सेटिनचा सांगाडा समोर ठेवूनच एलवाय-२९४००२ नावाचा कायनेज अडवणारा रेणू बनवला. तो औषध झाला नाही, पण पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षं वापरला गेला.

मात्र याच गुणात एक खोट आहे. पेशीत शेकडो कायनेज असतात आणि क्वर्सेटिन त्यांत फारशी निवड करत नाही. शिवाय त्याची मात्रा जास्त झाली की त्याचे रेणू पाण्यात एकत्र येऊन गोळे बनतात आणि जवळ येणारं कुठलंही विकर त्या गोळ्यांना चिकटून निकामी होतं. औषधं शोधणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणूनच क्वर्सेटिनकडे संशयाने बघतात: जे प्रत्येक चाचणीत 'चालतं' ते नेमकं कशामुळे चाललं हे सांगणं अवघड असतं. कर्करोग, मधुमेह, विषाणू, सांधेदुखी, म्हातारपण अशा सगळ्यावर क्वर्सेटिन गुणकारी असल्याच्या बातम्या येतात, त्यामागे या स्वभावाचाही वाटा आहे. एकच रेणू दहा आजारांवर चालतो असं कुणी सांगितलं की माझा विश्वास वाढण्याऐवजी कमी होतो.

आता ताटलीतून ताटात येऊ.

प्रयोगशाळेत मास्ट पेशींवर परिणाम दिसण्यासाठी क्वर्सेटिनची पातळी साधारण १० ते १०० मायक्रोमोलर ठेवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर दर लिटरला ३ ते ३० मिलिग्रॅम. कांदा खाऊन रक्तात किती जातं हे नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथे पीटर हॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मोजलं, आणि ते प्रयोग वाचण्यासारखे आहेत. एका प्रयोगात त्यांनी असे नऊ लोक निवडले ज्यांचं मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढलेलं होतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू क्वर्सेटिनचे तुकडे पाडतात. ते आतडंच नसेल, तर शोषलं न गेलेलं क्वर्सेटिन बाहेर पडताना नीट मोजता येतं. कांद्यातल्या क्वर्सेटिनपैकी सुमारे ५२ टक्के शोषलं गेलं. शुद्ध क्वर्सेटिन दिलं तेव्हा मात्र सुमारे २४ टक्केच. उलटंच वाटतं ना? कारण असं की कांद्यात क्वर्सेटिन मोकळं नसतं, त्याला ग्लुकोज जोडलेलं असतं, आणि लहान आतड्यात ग्लुकोज जोडलेल्या या रूपाचं शोषण चांगलं होतं. चहातलं क्वर्सेटिन दुसऱ्या साखरेला जोडलेलं असतं, ते कमी शोषलं जातं. म्हणजे गोळीपेक्षा कांद्याची बाजू इथे वरचढ ठरली.

पण पुढचा आकडा बघा. तळलेला कांदा खायला दिल्यावर स्वयंसेवकांच्या रक्तद्रवात क्वर्सेटिन जास्तीत जास्त लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या थोडं वर गेलं. ताटलीतल्या किमान मात्रेचाही हा दहावा भागसुद्धा नाही. शिवाय मोजलेलं क्वर्सेटिन मोकळं नव्हतं. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल आणि सल्फेट जोडलं जातं. परक्या रेणूंना विरघळवून बाहेर काढण्याची ही शरीराची नेहमीची रीत. हे जोड दिलेलं रूप कायनेजच्या खाचेत तितक्या सहज बसत नाही आणि पेशीच्या आतही सहज शिरत नाही. उरलेलं बरंचसं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं.

क्वर्सेटिनच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो सांगायलाच हवा. ते रक्तातून सावकाश निघून जातं, म्हणून रोज खाल्लं तर थोडं साठत राहतं. आणि जिथे सूज असते तिथल्या पांढऱ्या पेशी एक विकर सोडतात, ते त्या जोडातलं ग्लुक्युरोनिक आम्ल तोडू शकतं. म्हणजे ज्या जागी गरज आहे नेमकं तिथेच मोकळं क्वर्सेटिन तयार होत असेल, असा काही संशोधकांचा तर्क आहे. तर्क छान आहे. पण त्याने मास्ट पेशीभोवतीची मात्रा किती होते, हा प्रश्न सुटत नाही.

कांद्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या मंडईपुरतं थोडं. क्वर्सेटिन लाल आणि गुलाबी कांद्यात भरपूर असतं, लासलगावला लिलावात निघतो तसल्या. पांढऱ्या कांद्यात ते जवळजवळ नसतंच. म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा चवीला कितीही गोड असला, तरी या कामाचा नाही. कांद्यातही ते बाहेरच्या पाकळ्यांत जास्त आणि गाभ्यात कमी असतं. सर्वांत जास्त असतं वरच्या सुक्या सालीत, जी आपण फेकतो. उकळलं तर त्यातलं बरंच पाण्यात उतरतं, म्हणून रस्सा पिऊन टाकावा. परतण्याने तुलनेने कमी नुकसान होतं. या सगळ्या माहितीने तुमच्या शिंका थांबणार नाहीत, पण पाककृती वाचताना मजा येईल.

मग वनस्पतीतल्या रेणूने मास्ट पेशी शांत ठेवणं माणसाच्या शरीरात कधी जमलंच नाही का? जमलं, आणि ती गोष्ट क्वर्सेटिनपेक्षाही रंजक आहे.

इजिप्तमध्ये नाईलच्या काठी ओव्याच्या कुळातली एक वनस्पती उगवते, तिला तिथे खेल्ला म्हणतात. मूतखड्याची कळ आली की तिच्या फळांचा काढा पिण्याची तिथे जुनी रीत आहे. त्यातल्या खेलिन नावाच्या रेणूने स्नायू सैल पडतात. १९४०च्या दशकात कैरोमध्ये ग्लेब फॉन आनरेप या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाने मूत्रपिंडाच्या दुखण्यावर खेल्ला घेतला आणि त्याची छातीतली कळच थांबली. आनरेपने खेलिनवर काम सुरू केलं आणि युरोपातल्या औषध कंपन्यांचं लक्ष तिकडे गेलं. इंग्लंडमधल्या बेंगर लॅबोरेटरीज या कंपनीला वाटलं, हा रेणू स्नायू सैल करतो तर दम्यात आवळलेल्या श्वासनलिकाही मोकळ्या करेल. खेलिनने मळमळ फार व्हायची, म्हणून त्याच्या रचनेत फेरफार करून नवे रेणू बनवायचं ठरलं.

१९५६ मध्ये रॉजर अल्टून्यान हा डॉक्टर या कंपनीत आला. सीरियातल्या अलेप्पोत जन्मलेला, आर्मेनियन-ब्रिटिश घराण्यातला. दुसऱ्या महायुद्धात त्याने ब्रिटिश हवाई दलात वैमानिक म्हणून काम केलं होतं. त्याला स्वतःला दमा होता, आणि गिनीपिगच्या केसांची तर खास अ‍ॅलर्जी. कंपनी नवे रेणू गिनीपिगवर तपासत होती आणि त्यात हाती काही लागत नव्हतं. अल्टून्यानचं म्हणणं पडलं की गिनीपिगचा दमा आणि माणसाचा दमा एक नव्हे. मग त्याने स्वतःवरच तपासायला सुरुवात केली. नवा रेणू हुंगायचा, नंतर गिनीपिगच्या केसांच्या अर्काची वाफ ओढायची, आणि आपला श्वास किती आवळतो ते यंत्रावर मोजायचं. हे त्याने अनेक वर्षं, शेकडो वेळा केलं. मला या माणसाच्या घरच्यांची काळजी वाटते.

यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. काही रेणू आवळलेली श्वासनलिका मुळीच सैल करत नव्हते, पण अर्क ओढायच्या आधी घेतले तर झटकाच येत नव्हता. कंपनी ज्या गुणासाठी निघाली होती तो या रेणूंत नव्हता, दुसराच होता. १९६५ मध्ये बनवलेला सोडियम क्रोमोग्लायकेट हा त्यातला सर्वांत सरस निघाला आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीला 'इंटाल' नावाने बाजारात आला. खेलिनच्या मूळ चौकटीची जोडी करून, तिला पाण्यात विरघळणारे गट लावून तो तयार झाला होता. खेल्लाच्या काढ्यात तो नसतो. निसर्गाने रचनेची कल्पना पुरवली, बाकीचं काम माणसांनी केलं.

आता हा रेणू पोटात घेतला तर जेमतेम एक टक्का शोषला जातो. म्हणजे या हिशोबात तो क्वर्सेटिनपेक्षाही नापास. पण अल्टून्यान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाचा मार्गच सोडला. औषधाची बारीक पूड करून कॅप्सूलमध्ये भरली आणि ती फुप्फुसात ओढण्यासाठी एक छोटं यंत्र बनवलं: श्वास आत घेतला की त्यातला पंखा गरगर फिरे आणि पूड उडे. विमानाचा पंखा डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचंच हे डोकं. औषध जिथे हवं तिथे थेट पोचलं, आणि रक्तात फारसं शिरत नसल्यामुळे दुष्परिणामही अगदी कमी राहिले. शोषण न होणं हा ज्याचा दोष होता, तोच गुण ठरला.

आपल्याकडच्या अडुळशाचीही अशीच एक गोष्ट आहे. त्यातल्या व्हॅसिसिनच्या रचनेवरून १९६०च्या दशकात ब्रोमहेक्झिन बनवलं गेलं आणि आजही ते खोकल्याच्या औषधांत असतं. तो मामला कफ पातळ करण्याचा, मास्ट पेशींचा नव्हे, म्हणून इथे एवढंच.

क्रोमोग्लायकेटच्या कथेला आणखी एक वळण आहे. ते नेमकं कसं काम करतं याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही. रॅटच्या मास्ट पेशींवर ते उत्तम चालतं. माणसाच्या फुप्फुसातल्या मास्ट पेशींवर बेताचंच, आणि त्वचेतल्या मास्ट पेशींवर जवळजवळ नाहीच. म्हणजे 'मास्ट पेशी' म्हणून एकच गोष्ट नसते. कुठल्या प्राण्याची, कुठल्या अवयवातली, यावर उत्तर बदलतं. वनस्पतींच्या अर्कांवरचे बरेच प्रयोग 'आरबीएल-२एच३' नावाच्या पेशींवर होतात. ही रॅटच्या रक्तकर्करोगातून वाढवलेली पेशींची वंशावळ आहे: वाढवायला सोपी, स्वस्त, आणि माणसाच्या नाकातल्या पेशीपासून बरीच दूर. 'अमुक पानाच्या अर्काने अ‍ॅलर्जी रोखली' अशी बातमी दिसली की आधी हे शोधावं की कुठल्या पेशीत रोखली.

क्वर्सेटिनच्या बाबतीत माणसाच्या पेशींवरचं काम झालेलं आहे. २०१२ मध्ये बोस्टनमधल्या थिओहारिस थिओहारिदिस यांच्या गटाने माणसाच्या मास्ट पेशींवर क्वर्सेटिन आणि क्रोमोग्लायकेट यांची तुलना केली. सायटोकाइन्स रोखण्यात क्वर्सेटिन सरस ठरलं. शिवाय क्रोमोग्लायकेट उत्तेजनाच्या अगदी त्याच वेळी द्यावं लागत होतं, तर क्वर्सेटिन आधी दिलं तरी चालत होतं. त्याच लेखात माणसांवरच्या दोन छोट्या चाचण्याही होत्या. त्यांत त्वचेच्या संपर्क-अ‍ॅलर्जीवर फरक दिसला. मात्र या चाचण्या खुल्या होत्या, म्हणजे आपल्याला काय दिलंय हे लोकांना माहीत होतं. खाज किती कमी झाली हे रुग्णालाच विचारायचं असतं तेव्हा अशा चाचणीवर फार भार टाकता येत नाही.

त्याहून भरवशाचा पुरावा जपानमधला. तिथे दर वसंतात सुगी नावाच्या देवदारासारख्या झाडाच्या परागांनी लाखो लोक बेजार होतात. ओसाकातल्या संशोधकांनी क्वर्सेटिनला साखरेच्या कड्या जोडून ते जास्त शोषलं जाईल असं रूप वापरलं आणि २००९ मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येकीत वीस-पंचवीस माणसं, रोज १०० मिलिग्रॅम, आठ आठवडे, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी नकली गोळी. डोळ्यांची खाज आणि पाणी येणं कमी झालं. नाकाच्या बाबतीत ठोस फरक दिसला नाही. यातल्या एका चाचणीत गोळी परागांचा मोसम सुरू होण्याच्या चार आठवडे आधीपासून दिली होती, म्हणजे मे महिन्यातली शाकारणी. परिणाम छोटा, माणसं थोडी. पण दिशा पेशींच्या प्रयोगांशी जुळते, म्हणून मी क्वर्सेटिनला भाकड म्हणणार नाही.

राहिला 'नैसर्गिक' हा शब्द. पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं आणि नंतर देशभर पसरलेलं गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्यात पार्थेनिन नावाचा रेणू असतो. तोही पूर्ण नैसर्गिक, वनस्पतीचा, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींवर जोरदार परिणाम करणारा. बांधावर खुरपणी करणाऱ्यांच्या पापण्या, मान, हाताच्या कोपरांचे खळगे त्याने वर्षानुवर्षं चिघळतात. तिथे गुन्हेगार मास्ट पेशी नसतात, टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, म्हणून ती खाज काही मिनिटांत न उठता एक-दोन दिवसांनी उठते आणि सेट्रिझिनने फारशी हटत नाही.

क्वर्सेटिन इतकं दुष्ट नाही. जेवणातलं तर मुळीच नाही. गोळीतून रोज ५०० किंवा १००० मिलिग्रॅम घेणं हे मात्र जेवण राहत नाही. काही औषधं शरीरातून बाहेर काढणारी प्रथिनं क्वर्सेटिनने अडतात. डुकरांवरच्या एका प्रयोगात हृदयाचं औषध डिगॉक्सिन त्याच्यासोबत दिलं तेव्हा डिगॉक्सिनची रक्तातली पातळी धोकादायक वाढली. रक्त पातळ करणारं किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही डबी उघडू नये. आणि शेंगदाणा, कोळंबी किंवा मधमाशीच्या दंशानंतर ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, चक्कर येणं असं काही झालं तर क्वर्सेटिन, आमसूल, सेट्रिझिन यांपैकी कशाचीही वाट बघायची नाही. तेव्हा लागतं ते अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन आणि रुग्णालय, तेही मिनिटांत.

क्रोमोग्लायकेटचं पुढे काय झालं? दम्यासाठी श्वासातून घेण्याची स्टेरॉइड्स आली आणि त्यांच्या जोरापुढे ते मागे पडलं. दिवसातून चार वेळा ओढायचं औषध कोण नियमाने घेणार, हेही एक कारण. पण परागांमुळे डोळे खाजतात त्यांच्यासाठी ते थेंबांच्या रूपात आजही वापरात आहे. डोळ्यात टाकलेल्या थेंबाला आतडं, यकृत आणि अल्ब्युमिन यांच्यातून जावं लागत नाही. क्वर्सेटिनला नाकाच्या फवाऱ्यात किंवा अशाच थेंबांत उतरवायचं तर ते पाण्यात फार कमी विरघळतं, ही पहिली अडचण आहे. ती सुटली तरी फवारा खरा आहे की नकली हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला, अशी काही शे लोकांवरची चाचणी मोसमाच्या आधीपासून करावी लागेल. डबीवरचं वाक्य वाचताना मी हल्ली अशा चाचणीचा उल्लेख शोधतो.